मिळवती मुलगी : हंसा वाडकर यांच्या घडणीची वर्षे

मराठीतील स्त्रियांच्या आत्मकथनांचा विचार करताना रमाबाई रानडे यांच्या १९१० मधील आठवणींपासून लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पर्यंत एक सलग वाट दाखविली जाते. या वाटेवरील बहुतेक स्त्रियांची घडण विवाहानंतर, पतीच्या सहवासात आणि बऱ्याचदा पतीच्या आग्रहाने झाली. त्यांच्या आयुष्यात शिक्षण आले, सार्वजनिक कार्य आले, परंतु घर चालविण्यासाठी पैसा मिळविण्याची जबाबदारी सहसा त्यांच्यावर नव्हती. हंसा वाडकर यांचे जीवन या वाटेवर बसत नाही. त्यांच्या आयुष्यात अर्थार्जन आधी आले, प्रेम त्यानंतर, विवाह त्यानंतर, आणि स्वतःविषयी बोलण्याची संधी सर्वांत शेवटी. हा क्रम लक्षात घेतला नाही तर त्यांचे चरित्र केवळ वादळी नटीचे चरित्र ठरते, आणि तसे ते अनेकदा ठरविलेही गेले आहे.

त्यांचे मूळ नाव रतन भालचंद्र सालगावकर. जन्म मुंबईतला, १९२३ चा. घराण्याचे मूळ सावंतवाडीकडचे. आधीच्या पिढ्यांत कलावंतिणीची परंपरा होती, आणि विवाह करून संसार करणे ही त्या घरात फार जुनी नसलेली गोष्ट होती. या तपशिलाचे महत्त्व दुहेरी आहे. गाणे, नाच आणि लोकांसमोर उभे राहणे यांचा संकोच या घरात पांढरपेशा घरांइतका नव्हता. परंतु नव्याने मिळालेली विवाहाची प्रतिष्ठा जपण्याची काळजी मात्र त्याहून अधिक होती. मुलीने पडद्यावर काम करावे आणि तरीही ती घरंदाज राहावी, अशा दोन परस्परविरोधी अपेक्षा एकाच घरात नांदत होत्या. रतनच्या पुढील आयुष्यातील कित्येक पेच या दोन अपेक्षांतून उगवले आहेत.

वडिलांचे व्यसन आणि घरातील ओढग्रस्ती यांमुळे मुलीला कामाला लावण्याचा निर्णय झाला. शाळा प्राथमिक इयत्तांच्या फारशी पुढे गेली नाही. १९३६ मध्ये ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटात रतन प्रथम पडद्यावर आली, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. सालगावकर हे आडनाव पडद्यावर आले नाही. नात्यातील वाडकर हे आडनाव घेण्यात आले, आणि रतनची हंसा झाली. घराण्याचे नाव चित्रपटापासून दूर ठेवायचे आणि चित्रपटाचा पैसा मात्र घरात घ्यायचा, असा तो व्यवहार होता. तो ठरविणाऱ्यांत ती स्वतः नव्हती. बोलपट येऊन त्या वेळी जेमतेम पाच वर्षे झाली होती. दुर्गाबाई खोटे यांच्यासारखी सधन, सुशिक्षित घरातील स्त्री या व्यवसायात आल्याने त्याला प्रतिष्ठा येऊ लागली होती हे खरे. परंतु दुर्गाबाई विवाहित, मुलांच्या आई असताना, स्वतःच्या निर्णयाने आल्या. तेराव्या वर्षी आणून उभ्या केलेल्या मुलीची गोष्ट निराळी आहे.

मिळवता मुलगा ही आपल्याकडे घराची शान असते. मिळवत्या मुलीचे तसे नसते. तिच्या मिळकतीवर घर चालते, आणि त्याच मिळकतीमुळे तिच्यावर संशयही घेतला जातो. रतनच्या आईने हाच संशय घेतला. सावंतवाडीच्या ओळखीतील जगन्नाथ बांदरकर यांचे घरी येणेजाणे होते. ते वयाने तिच्याहून बरेच मोठे होते. नाटक-चित्रपटांच्या व्यवहारातही त्यांची उठबस होती. लहानपणापासून परिचयाचा असलेला हा माणूस तिला घरातील जाचापासून सुटण्याची वाट वाटला. आईच्या धाकाला आणि आरोपांना उत्तर म्हणून ती त्यांच्याकडे ओढली गेली, असे तिच्या आत्मकथनावरून दिसते. हे प्रेम होते की बंड, हा प्रश्न वाचकाला पडतो. आत्मकथन त्याचे नेमके उत्तर देत नाही, आणि ते बरे आहे. पंधराव्या वर्षी या दोहोंतील सीमारेषा कोणाला दिसते? विवाहापूर्वीच दिवस गेले, आईचा विरोध मोडून विवाह झाला, आणि ते मूल राहिले नाही.

विवाहानंतर काम सोडावे, घर सांभाळावे, मुलेबाळे व्हावीत, अशी तिची इच्छा होती. स्त्रीमुक्तीच्या परिचित मांडणीत स्त्री घरातून कामाकडे जाते. येथे एक मुलगी कामातून घराकडे जाऊ पाहत होती. तिला ते साधले नाही, कारण पतीलाही तिच्या मिळकतीची गरज होती. आईच्या घरी जी मिळवती मुलगी होती, ती पतीच्या घरी मिळवती पत्नी झाली. करार कोणाशी करायचा, पैसे किती घ्यायचे, ते कोठे खर्च करायचे, हे ठरविणारे हात बदलले. राबणारे हात तेच राहिले. पुढे एक मुलगी झाली. त्यानंतरच्या गर्भपातांविषयी, आणि ते होण्यामागे कामाची गणिते कशी होती याविषयी, त्यांनी आत्मकथनात जे सांगितले आहे ते मराठी वाङ्मयात तोपर्यंत जवळजवळ कोणी सांगितले नव्हते.

याच काळात मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा प्रवेश होतो. त्यांच्या घडणीतील हा सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग आहे, म्हणून येथे थोडे थांबावयास हवे.

त्या वेळचे मालाड मुंबई शहरात नव्हते. १९२० मध्ये स्वतंत्र झालेल्या उपनगर जिल्ह्यातील ते एक गाव होते. मुंबई महानगरपालिकेत त्याचा समावेश १९५७ मध्ये झाला. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची विजेवरील गाडी १९२८ पासून बोरिवलीपर्यंत जाऊ लागल्याने ते शहराला जोडले गेले, तरी स्टेशनाबाहेर पडताच वाड्या, झाडी आणि मोकळी जमीन असे त्याचे स्वरूप होते. तेथे एफ. ई. दिनशा यांच्या बंगल्याच्या आवारात १९३४ मध्ये हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी बॉम्बे टॉकीजची उभारणी केली. ही भागभांडवलावर चालणारी, संचालक मंडळ असलेली कंपनी होती. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, छायालेखक योसेफ विर्शिंग आणि त्यांचे जर्मन सहकारी तेथे काम करीत. नटांपासून कामगारांपर्यंत सर्वांना मासिक वेतन असे, येण्याजाण्याच्या वेळा ठरलेल्या असत, आणि उपाहारगृहात जातिभेद न पाळता सर्वांनी एकत्र जेवावे असा दंडक होता. चित्रपटधंदा म्हणजे उधळपट्टी आणि बेशिस्त, या समजाला छेद देणारी ती संस्था होती.

तेथील स्त्रियांकडे पाहिले तरी या संस्थेचे वेगळेपण कळते. संगीत दिग्दर्शिका सरस्वतीदेवी या मूळच्या खुर्शीद होमजी. चित्रपटात काम करतात म्हणून पारशी समाजातून त्यांना विरोध झाला, आणि पडद्यावरील नावाच्या आडोशाने त्यांनी आपले काम चालू ठेवले. लीला चिटणीस १९३९ मध्ये ‘कंगन’ची नायिका म्हणून तेथे आल्या, त्या पदवीधर होत्या. स्वतः देविकाराणी परदेशात शिकलेल्या. नाव बदलून आलेल्या, घरातील विरोध सोसलेल्या, वयाने आणि शिक्षणाने निरनिराळ्या अशा या स्त्रियांमध्ये सोळा वर्षांची, जेमतेम शाळा शिकलेली हंसा वाडकर वावरू लागली. ‘नवजीवन’ (१९३९) मध्ये रामा शुकूल यांच्यासमवेत ती नायिका होती. त्याच वर्षीच्या ‘दुर्गा’त देविकाराणींसोबत, तर ‘आझाद’ (१९४०) मध्ये अशोककुमार आणि लीला चिटणीस यांच्यासोबत तिने भूमिका केल्या.

या काळाविषयी हंसाबाईंच्या मनात नंतरही आदर टिकून होता. त्याचे कारण केवळ चांगली वागणूक हे नसावे. घरात काम म्हणजे पैसा, एवढाच अर्थ तिला माहीत होता. मालाडला कामाला कामाचीच प्रतिष्ठा होती: तालीम, उच्चार, वेळ पाळणे, कॅमेऱ्यासमोर शरीर कसे धरावे याचे शिक्षण. ज्या वयात इतर मुली शाळा-महाविद्यालयांत होत्या, त्या वयात तिला मिळालेले विद्यालय हेच. अर्थात या विद्यालयाला मर्यादाही होती. संध्याकाळी आवाराबाहेर पडल्यानंतर वेतनाचा हिशोब पुन्हा घरचाच होता. संस्था तिला शिकवू शकत होती. तिच्या मिळकतीवर तिचा हक्क मात्र संस्थेला प्रस्थापित करता येत नव्हता, आणि तसा विचार त्या काळी कोणाच्या मनातही येण्याजोगा नव्हता.

ते दिवस लवकर सरले. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच जर्मन तंत्रज्ञ नजरकैदेत गेले, आणि मे १९४० मध्ये हिमांशू राय यांचे निधन झाले. संस्था पुढे काही वर्षे चालली, नावाजलीही गेली, परंतु तिच्यात गट पडले आणि अखेर १९५०च्या दशकात ती बंद झाली. हंसाबाई त्याआधीच बाहेर पडल्या होत्या.

१९४१ मध्ये पुण्याच्या ‘प्रभात’ने त्यांना ‘संत सखू’ची मुख्य भूमिका दिली. दामले, फत्तेलाल आणि राजा नेने यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाची कथा महाराष्ट्रात घरोघर ठाऊक असलेली. सासरच्या छळाने गांजलेली कऱ्हाडची सखू पंढरीच्या ओढीने घरातून निघते, आणि विठ्ठल तिचे रूप घेऊन तिच्या जागी राबतो. सखूच्या वाट्याला आलेले कष्ट देवाने उचलले. ही भूमिका करणाऱ्या अठरा वर्षांच्या नटीच्या जागी राबायला मात्र कोणी आले नाही. भूमिका आणि आयुष्य यांची अशी जोड लावण्याचा मोह चरित्रकाराने आवरावा हे खरे. तथापि हंसाबाईंच्या बाबतीत सोशिक सुनेची ही प्रतिमा आणि पुढे आलेली तमासगिरीणीची प्रतिमा या दोहोंमधील अंतर इतके बोलके आहे की त्याकडे दुर्लक्ष करणे अवघड जाते.

ती दुसरी प्रतिमा आली १९४७ मध्ये, ‘लोकशाहीर रामजोशी’तून. राजकमल कलामंदिराच्या या चित्रपटाला ग. दि. माडगूळकरांची पटकथा व गीते आणि वसंत देसाईंचे संगीत लाभले होते. जयराम शिलेदार रामजोशी झाले, आणि हंसाबाई बया. या यशातून मराठी चित्रपटात तमाशाप्रधान कथांची लाट उसळली, असे चित्रपटाचे अभ्यासक मानतात. या भूमिकेतील हंसाबाईंचे सामर्थ्य केवळ नृत्यात नाही. समोरच्या पुरुषाच्या नजरेला नजर भिडविणारी, आपल्या कलेचे मोल जाणणारी, प्रेम करतानाही आपला फड न विसरणारी स्त्री त्यांनी उभी केली. प्रेम आणि काम यांची जी सांगड त्यांना स्वतःच्या आयुष्यात कधी घालता आली नाही, ती येथे पडद्यावर घातली गेली. ज्या परंपरेचे नाव लपविण्यासाठी घरच्यांनी आडनाव बदलले, त्याच परंपरेच्या जवळ जाणाऱ्या भूमिकेने हंसा वाडकर हे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी केले, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे.

मधल्या आणि नंतरच्या काळातील घटनांचा तपशील येथे विस्ताराने देण्याचे कारण नाही; तो आत्मकथनात आहे, आणि तोच भाग आजवर सर्वाधिक चवीने वाचला गेला आहे. दारूची सवय जडली. पतीशी बेबनाव वाढला. अशाच एका भांडणानंतर घर सोडून त्या एका परिचिताबरोबर मराठवाड्यातील एका गावी गेल्या. त्या गृहस्थाचा संसार तेथे आधीच मांडलेला होता. आडबाजूच्या त्या वाड्यात सुमारे तीन वर्षे त्या पडद्यात राहिल्या. तेथे त्यांना घर मिळाले, स्वयंपाकघर मिळाले, घरातील मुले मिळाली. ज्या गृहस्थीसाठी त्या पंधराव्या वर्षापासून तळमळत होत्या ती एका अर्थाने मिळाली, आणि तिच्या सोबत दाराबाहेर पाऊल टाकण्याची बंदीही. अखेर त्यांनी पतीलाच पत्र पाठवून सुटका करून घेतली. त्या सुटकेच्या कायदेशीर सोपस्कारांत अधिकारपदावरील एका व्यक्तीनेच त्यांच्यावर अत्याचार केला, असेही त्यांनी सांगितले आहे. हे सांगताना त्यांनी स्वर चढविलेला नाही. मराठी आत्मकथनांत इतक्या कोरड्या शब्दांत इतकी भीषण गोष्ट क्वचितच आली असेल.

या प्रसंगाकडे प्रेमभंगाची किंवा स्खलनाची कथा म्हणून पाहण्याची प्रथा आहे. वस्तुतः त्यामागे एक साधी मागणी दिसते. काम न करताही आपल्याला कोणी ठेवून घेईल का, हे त्या पाहत होत्या. आईने, पतीने आणि त्या गावच्या घराने या मागणीला जी उत्तरे दिली ती निरनिराळी असली तरी प्रत्येकाने किंमत मागितली. परत आल्यानंतर त्या पुन्हा कामाकडे वळल्या, कारण तेवढेच एक ठिकाण त्यांना ओळखत होते. घडणीचा काळ पंचविशीपर्यंत संपतो असे सामान्यतः मानले जाते. हंसाबाईंच्या बाबतीत तो कधी संपला हे सांगणे कठीण आहे.

१९५० मध्ये राजा परांजपे यांच्या ‘पुढचं पाऊल’मध्ये त्या पु. ल. देशपांडे यांच्यासमवेत होत्या. १९५९ मध्ये अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. पुण्यात तो अडीच वर्षांच्या आसपास चालला. त्यात जयश्री गडकर या नव्या नायिकेचे नाव गाजले, आणि हंसाबाईंकडे वडीलधारेपणाची भूमिका आली. वयाने त्या तेव्हा छत्तिशीच्या होत्या. चित्रपटधंद्यात स्त्रीचे वय असेच मोजले जाते. नंतर कामे कमी होत गेली, प्रकृती ढासळली. नाटकांतून मात्र त्या काम करीत राहिल्या, आणि आयुष्याची अखेरची सुमारे दहा वर्षे रंगभूमीवरील एका नटाची त्यांना साथ मिळाली. या सोबतीविषयी त्या कृतज्ञतेने बोलल्या आहेत. ती विवाहाची सोबत नव्हती. पण तिच्यात मिळकतीचा हिशोब नव्हता.

१९६६ मध्ये श्री. ग. माजगावकर यांच्या ‘माणूस’मधून त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. ते लिहून घेतले अरुण साधू यांनी. साधू त्या वेळी पंचविशीतले पत्रकार होते. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्या अजून यावयाच्या होत्या. सांगणारी एक आणि लिहिणारा दुसरा, अशा आत्मकथनात शब्द नेमके कोणाचे, हा प्रश्न अभ्यासकाला टाळता येत नाही. घटनांची निवड, त्यांचा क्रम, परिच्छेदांची रचना यांत शब्दांकन करणाऱ्याचा हात असणार. परंतु वाक्यांची ठेवण बोलण्याची आहे. तारखांचा घोळ आहे, पुनरुक्ती आहे, एका प्रसंगातून दुसऱ्यात अचानक जाणे आहे. कसलेल्या पत्रकाराला या गोष्टी सहज नीटनेटक्या करता आल्या असत्या. त्यांनी त्या तशाच राहू दिल्या, यात त्यांची वाङ्मयीन जाण दिसते. नावाचेही तसेच आहे. चित्रपटाचे गाजलेले नाव आत्मकथनाला देण्यात व्यावसायिक चातुर्य होते हे उघड आहे. तथापि ‘सांगत्ये’ हे स्त्रीच्या तोंडचे, बोलीतले रूप आहे, आणि त्या रूपामुळे मुखपृष्ठापासूनच बोलणारी व्यक्ती कोण आहे याची जाणीव राहते.

या पुस्तकाचे जे स्वागत झाले त्यात धक्का आणि कुतूहल यांचा वाटा मोठा होता. नटीने आपल्या आयुष्यातील पुरुषांविषयी, व्यसनाविषयी उघडपणे बोलावे, हेच वाचकांना नवीन होते. त्या गदारोळात पुस्तकातील पैशाचा धागा दुर्लक्षित राहिला. कोणत्या कामाचे पैसे कोणाच्या हाती गेले, कोणते काम कोणाच्या गरजेसाठी स्वीकारले गेले, हे हंसाबाई जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर सांगतात. पुढे दुर्गाबाईंचे ‘मी, दुर्गा खोटे’ (१९८२) आले. त्यातही अर्थार्जनाची निकड आहे, पण करार करणारी व्यक्ती आणि काम करणारी व्यक्ती तेथे एकच आहे. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली म्हणजे एकाच व्यवसायातील दोन स्त्रियांच्या स्वातंत्र्यात केवढा फरक असू शकतो, आणि तो फरक कीर्तीने किंवा गुणवत्तेने भरून निघत नाही, हे ध्यानात येते. वर्ग आणि शिक्षण यांचा भाग त्यात मोठा आहे. शिवाय व्यवसायात पाऊल टाकतेवेळीचे वय हाही घटक आहे, ज्याची दखल समीक्षेने अद्याप पुरेशी घेतलेली नाही.

१९७० मध्ये राजहंस प्रकाशनाने हे आत्मकथन पुस्तकरूपाने आणले. त्यानंतरच्या वर्षी, २३ ऑगस्ट १९७१ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हंसाबाई वारल्या. १९७७ मध्ये श्याम बेनेगल यांनी या पुस्तकाच्या आधारे ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट काढला. त्यातील अभिनयासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटातील नायिका उषा अखेरीस एकटी उरते. प्रत्यक्षात हंसाबाईंना अखेरपर्यंत सोबत होती, आणि बोलून दाखविण्यासारखे त्यांच्यापाशी पुष्कळ शिल्लक होते. मालाडच्या आवारात आज बॉम्बे टॉकीजच्या पडक्या वास्तूभोवती लहानमोठ्या कारखान्यांची दाटी आहे.